नववी चिप

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे आणि त्यात रॅमची एक पट्टी. जुनी, तीस पिनांची, माझ्या मधल्या बोटाएवढी लांब. तिच्यावर आठ काळ्या चिप ओळीनं बसवलेल्या आहेत. नववीची जागा रिकामी. कथिलाचे ठिपके दिसतात, चिप नाही. एका कोपऱ्यावर लाल नेलपॉलिश लावलेलं आहे. ते मी लावलं, मे १९९६ मध्ये, करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेच्या सेक्रेटरींच्या घरी. ती पट्टी मुंबईहून आणली होती मीच आणि बसवली होतीही मीच.

कोल्हापुरात राजारामपुरीत तीस वर्षांहून जास्त काळ मी संगणक दुरुस्त करते. या धंद्याचा इतिहास कुणी लिहायला घेतला तर बहुधा प्रोसेसरच्या वेगानं लिहील, नाहीतर विंडोजच्या आवृत्त्या मोजेल. मला तो त्या नवव्या रिकाम्या जागेवरून सांगायचा आहे. घरच्या संगणकात रॅम वाढवली आणि मशीन बिघडलं, अशी तक्रार घेऊन जितकी माणसं माझ्या दुकानाची पायरी चढली, तितकी दुसऱ्या कुठल्याच कारणानं चढली नसतील. त्यांचं दुखणं कुठून सुरू झालं ते त्या जागेत दिसतं.

१९८१ मध्ये आयबीएमनं पहिला पर्सनल कॉम्प्युटर आणला, तेव्हा त्याच्या बोर्डावर स्मृतीच्या चिप नऊ-नऊच्या रांगांनी बसवल्या होत्या. एक अक्षर साठवायला आठ बिट पुरतात. मग नववी कशाला? लहानपणी आम्ही चिंचोक्यांनी एकी-बेकी खेळायचो. मुठीत चिंचोके धरायचे, समोरच्यानं एकी की बेकी ते सांगायचं. नववी चिप हाच खेळ खेळायची. आठ बिटांत ‘एक’ किती आले ते मोजायचं. ते बेकी असतील तर नववीत एक ठेवायचा, एकी असतील तर शून्य. म्हणजे नऊंची मिळून मोजणी कायम एकीच. अक्षर परत वाचताना मोजणी बेकी आली, तर मधल्या काळात काहीतरी पालटलं हे नक्की. मशीन तिथल्या तिथं थांबायचं आणि पडद्यावर पॅरिटीची चूक लिहून यायची. कुठला बिट पालटला ते नववीला सांगता येत नसे. दोन बिट एकदम पालटले तर तिला पत्ताही लागत नसे. पण खोटं अक्षर खरं म्हणून पुढे जाऊ द्यायचं नाही, एवढं काम ती चोख करायची.

चूक नेमकी कुठे झाली हे शोधून ती दुरुस्तही करता येते, हे त्याच्या कितीतरी आधी ठाऊक झालं होतं. बेल लॅब्जमधले रिचर्ड हॅमिंग शनिवार-रविवारी आपलं गणित रिलेच्या यंत्रावर लावून जायचे आणि सोमवारी येऊन बघायचे, तर यंत्रानं चूक पकडून त्यांचं काम अर्ध्यावर टाकून दिलेलं असायचं. यंत्राला चूक झाल्याचं कळतं, तर ती कुठे झाली हे का कळू नये, या चिडीतून त्यांनी जी रीत बसवली ती १९५० मध्ये छापून आली. मोठ्या यंत्रांनी ती घेतली. घरच्या यंत्राच्या वाट्याला एकी-बेकी आली.

ही राखण लागते कशाला, ते कळायला चिपच्या आत डोकावावं लागतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये सुरू झालेल्या टिफ्रॅक यंत्राची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती, तारांत ओवलेल्या मण्यांसारखी. ४० बिटांचे २०४८ शब्द, म्हणजे सगळी मिळून १० किलोबाइट. वीज गेली तरी कडी आपली चुंबकीय दिशा सोडत नसे. पुढे आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये वेगळ्याच रचनेचं पेटंट मिळालं: एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर. त्यात भार आहे की नाही, यावरून शून्य की एक ते ठरतं. स्वस्त, दाट, एका नखावर हजारो मावतील अशी. १९७० मध्ये इंटेलची १०२४ बिटांची ११०३ ही चिप बाजारात आली आणि कड्यांचे दिवस भरले. पण हा कपॅसिटर म्हणजे गळका हंडा. भरला की लगेच गळू लागतो. म्हणून मशीन चालू आहे तोवर प्रत्येक हंडा पुन्हापुन्हा बघून भरत राहावं लागतं. अलीकडच्या पट्ट्यांत हा फेरा ६४ मिलिसेकंदांत किंवा त्याहूनही लवकर पुरा करतात. आणि गरम झालं की गळती वाढते. हे शेवटचं वाक्य मी दुकानात शिकायला येणाऱ्या पोरांकडून पाठ करून घेते.

मला ते पुस्तकाआधी आबांनी शिकवलं. माझे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. बिंदू चौकाजवळ त्यांचं दुकान होतं, सहा फूट बाय आठ फूट, आणि शाळा सुटली की मी तिथं. व्हॉल्व्हचा रेडिओ टेबलावर आला की ते आधी पेचकस उचलायचे नाहीत. गिऱ्हाइकाला विचारायचे, “गार असताना बंद पडतोय की तापल्यावर?” मग वास घ्यायचे. मग सगळे सांधे लाकडी काडीनं हलवून बघायचे. आणि शेवटी एकेक व्हॉल्व्ह काढून त्याजागी खात्रीचा घालायचा. “बदलून बघ,” हे त्यांचं सगळं शास्त्र. पण त्यात एक अट होती: एका वेळी एकच बदलायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि रेडिओ वाजला, तर तुला काय कळलं? काहीच नाही.

मालासाठी ते मुंबईला जायचे. डिप्लोमा झाल्यावर मीही जायला लागले. संध्याकाळची महालक्ष्मी एक्स्प्रेस, सकाळी दादर, तिथून पश्चिम मार्गाची लोकल पकडून ग्रँट रोड आणि पुढे चालत लॅमिंग्टन रोड. रस्त्याचं सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण बाजारात ते कुणाच्या तोंडी नाही. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. १३ मार्च १९४० ला लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी मायकेल ओडवायरवर गोळ्या झाडल्या, तेव्हा जखमी झालेल्यांत हाच लॅमिंग्टन होता. हे मला फार उशिरा कळलं आणि त्यानंतर त्या रस्त्याचं नाव घेताना दर वेळी ते आठवतं.

तो रस्ता सिनेमावाल्यांचाही. नाझ, मिनर्व्हा, अप्सरा. मिनर्व्हात ‘शोले’ वर्षानुवर्षं चालला. त्या थिएटरांच्या आसपासच्या जुन्या इमारतींत, जिन्याखालच्या खोपट्यांत आणि पहिल्या-दुसऱ्या मजल्यांवर रेडिओच्या सुट्या भागांची दुकानं होती. आबांना तिथले सगळे गाळे पाठ होते. महायुद्धानंतर लष्कराचा निकाली माल कसा पोत्यानं विकला जायचा, ते त्यांनी त्यांच्या उस्तादांकडून ऐकलेलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर त्याच गाळ्यांतून व्हॉल्व्ह मागच्या फळीवर गेले आणि पुढच्या काचेत रॅमच्या पट्ट्या आल्या. माणसं तीच, वजनकाट्यासारखी चोख नजर तीच. आबा एकदा एका गाळ्यासमोर उभे राहून म्हणाले, “हितनं मी बारा वर्सं कंडेन्सर नेले. तू बी कंडेन्सरच नेतीस की गं.” डेनार्डच्या चिपचं याहून नेमकं वर्णन मी कुठं वाचलेलं नाही.

तेव्हा रॅम सोन्याच्या भावानं मिळायची. ४ जुलै १९९३ ला जपानमधल्या निइहामा इथं सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपवरचं काळं आवरण ज्या इपॉक्सी राळेचं करतात, तिचा जगातला निम्म्याहून जास्त पुरवठा तिथून व्हायचा. जगभर रॅमचे भाव भडकले आणि त्याची झळ लॅमिंग्टन रोडच्या गाळ्यांपर्यंत आली. पुढची दोन-अडीच वर्षं एका एमबीला हजाराच्या आसपास मोजावे लागत. मी पट्ट्या रुमालात गुंडाळून, पोलक्याच्या आतल्या खिशात घालून आणायची. मग १९९६ उजाडलं, कारखान्यांनी माल फार काढला होता, आणि भाव असे कोसळले की आज घेतलेली पट्टी पुढच्या महिन्यात निम्म्यात. त्याच सुमारास ‘विंडोज ९५’ घरोघर पोचत होतं. त्याला किमान चार एमबी लागायचे, पण चारात ते रांगायचं. नीट चालायला आठ हवे. कोल्हापूर जिल्ह्यात ज्याच्या घरी म्हणून संगणक होता, त्या प्रत्येकाला त्या उन्हाळ्यात रॅम वाढवून हवी होती.

सेक्रेटरींच्या घरचं मशीन ४८६ होतं, तीस पिनांच्या आठ खाचा असलेलं. त्यांचा मुलगा बारावीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता आणि त्याला विंडोज हवं होतं. वडील मात्र काळ्या पडद्यावर फॉक्सप्रोमध्ये संस्थेचा हिशेब ठेवायचे: सकाळ-संध्याकाळचं लिटर, फॅट, दर, आणि दर दहा दिवसांनी निघणारं उत्पादकांचं बिल. पहिल्या चार खाचांत एकेक एमबीच्या चार पट्ट्या होत्या, नऊ-नऊ चिपांच्या. मी लॅमिंग्टन रोडवरून आणखी चार आणल्या. वापरलेल्या, तपासून दिलेल्या, आठ-आठ चिपांच्या. नवव्या चिपवाल्यांपेक्षा स्वस्त. सेक्रेटरींचं बजेट ठरलेलं होतं आणि मी त्यांचे पैसे वाचवत होते.

पट्ट्या बसवल्या आणि मशीन सुरू होईना. पॅरिटीची चूक. होणारच, नव्या चार पट्ट्यांत साक्ष द्यायला नववी नव्हतीच. तेव्हा सगळे करायचे तेच मी केलं. सेटअपमध्ये शिरले आणि पॅरिटी तपासणी बंद केली. आकडे सरसर मोजले गेले, ८१९२ किलोबाइटपाशी थांबले, विंडोज आलं. मुलगा खूश, मी खूश. आठ पट्ट्यांपैकी चार पट्ट्यांवर राखणदार होते. नव्या चौघींच्या सोयीसाठी मी त्यांनाही घरी बसवलं आणि सेक्रेटरींना त्याबद्दल एक अक्षर बोलले नाही.

तीन आठवड्यांनी ते दुकानात आले. “ताई, डबा बेरीज चुकायला लागलाय.”

मी म्हणाले, “तात्या, कॉम्प्युटर बेरीज चुकत नाही. एंट्री चुकली असेल.”

“एंट्री माझी हाय,” ते म्हणाले आणि गप्प बसले. मशीन दुकानात आणलं. झाकण काढून, वर पंखा लावून दोन दिवस चालवलं. काही नाही. परत दिलं. आठवड्यानं पुन्हा तेच. मी विंडोज नव्यानं टाकलं, व्हायरस शोधला, हार्डडिस्क तपासली. पुन्हा काही नाही, आणि घरी गेलं की पुन्हा चूक. मधल्या काळात एक म्हातारी बिलात जास्त आलेले चारशे रुपये पदरात बांधून संस्थेत परत द्यायला आली होती. दोन म्हशींचं दूध घालणारी बाई. सेक्रेटरींनी हे मला फार हळू आवाजात सांगितलं.

तिसऱ्या खेपेला त्यांनी कापडी बांधणीची वही उघडली. मशीनची तेरीज आणि हाताची तेरीज शेजारी-शेजारी मांडली होती. फरकांचा वेगळा रकाना: ४, ४००, ४०, ४, ४०, ४०००. “माणसानं आकडं उलटंपालटं लिवलं, ५४ चं ४५ केलं, तर फरकाला नवानं भाग जातोय,” ते म्हणाले. “आमी हिशेबनीस पयलं त्येच बघतो. हितं न्हाई जात. हितं समदं चाराचंच. आणि मशीन कायम जास्तच दावतंय, कमी कधीच न्हाई. आणि ह्ये बगा.” एका कागदावर लिटरच्या रकान्यात आठाच्या जागी डावीकडे टोक केलेला कोन छापून आला होता.

त्या रात्री जेवताना मी आबांना सांगितलं. त्यांनी संगणकाला कधी हात लावला नव्हता. भाकरी मोडत त्यांनी विचारलं, “तापल्यावर का गार असताना?”

आणि मग एकेक सुटत गेलं. माझ्या दुकानात झाकण उघडं, वर पंखा. त्यांच्या घरी मशीन भिंतीतल्या कपाटात, धूळ बसू नये म्हणून वहिनींनी शिवलेल्या कशिद्याच्या कव्हरात, वर मे महिना. आणि चार. चार म्हणजे एक बिट! फॉक्सप्रोच्या फाइलीत आकडे अक्षरं म्हणून लिहिलेले असतात. दोनचा संकेत सोळाच्या पायावर ३२, सहाचा ३६. त्या दोघांत एकाच बिटाचा फरक आहे, आणि त्या बिटाची किंमत चार. तो बिट चुकून एक झाला की शून्याचा चार होतो, एकाचा पाच, दोनाचा सहा, तीनाचा सात. चार ते सात जसेच्या तसे राहतात, कारण त्यांच्यात तो बिट आधीच आहे. आठाचा होतो तो डावीकडे टोक असलेला कोन. सेक्रेटरींनी काहीही ठाऊक नसताना, नुसत्या तेरजेवरून बिट ओळखून काढला होता.

दुसऱ्या दिवशी मी मशीन त्यांच्या घरीच, त्याच कपाटात, कव्हर घालून तासभर चालू ठेवलं. तेव्हा माझ्याकडे रॅम तपासायचा तयार प्रोग्रॅम नव्हता. पण डॉसमध्ये रॅमचाच एक तुकडा डिस्क म्हणून वापरायची सोय होती. मी वरच्या सगळ्या स्मृतीची अशी एक खोटी डिस्क केली, तिच्यात दुधाच्या फाइली कोंबून भरल्या आणि मूळ फाइलीशी बाइट-बाइट ताडून बघायची आज्ञा दिली. पहिल्या फेरीत काही नाही. दुसऱ्या फेरीत पडद्यावर सात ओळी आल्या. पत्ता, आणि पुढे दोन आकडे: ३२ ३६. ३० ३४. ३१ ३५. पत्त्यांचा शेवटचा अंक प्रत्येक वेळी ३, ७, बी किंवा एफ. म्हणजे चारानं भागलं की बाकी तीनच. आठ-आठ बिटांच्या चार पट्ट्या मिळून ४८६ ला एका वेळी बत्तीस बिट पुरवतात, तेव्हा चौघींपैकी एकच दोषी होती. आता आबांची रीत. नव्या चारपैकी एक काढायची, तिच्या जागी जुन्यातली खात्रीची घालायची, पुन्हा ताडायचं. तिसऱ्या बदलाला ओळी बंद झाल्या. वहिनींकडून नेलपॉलिश मागून घेतलं.

त्या चिपमध्ये काही हंडे जास्तच गळके होते. गार असताना फेरा येईपर्यंत टिकायचे, तापले की त्याआधीच रिते व्हायचे. रिता हंडा शून्य वाचायचा की एक, हे चिपच्या रचनेवर असतं. हे एक वाचले जात होते. नववी चिप असती आणि तपासणी चालू असती, तर पहिल्याच दुपारी मशीन अडलं असतं. सेक्रेटरी वैतागले असते, मला शिव्या घातल्या असत्या, पण म्हातारीच्या बिलात चारशे रुपये वाढले नसते.

मी चारही पट्ट्या काढून घेतल्या, नऊ चिपांच्या आणून दिल्या, फरक माझ्या खिशातून भरला आणि सेटअपमध्ये तपासणी पुन्हा चालू केली. महिनाभराची सगळी बिलं सेक्रेटरींनी हातानं पुन्हा काढली. चार रात्री. मी शेजारी बसून आकडे वाचून दाखवले.

मी राखणदार एका घरातून काढला होता. कारखाने तो सगळ्याच घरांतून काढत होते. नऊऐवजी आठ चिप म्हणजे नवव्या हिश्शाचा खर्च वाचतो आणि भाव चढलेले असताना तो थोडा नव्हता. इंटेलनं १९९५ मध्ये पेंटियमसाठी आणलेल्या ४३० एफएक्स या लोकप्रिय चिपसेटमध्ये तर पॅरिटी तपासायची सोयच उरली नाही. चुका पकडणारी, दुरुस्त करणारी स्मृती सर्व्हरसाठी राहिली, जास्त पैसे मोजणाऱ्यांसाठी. याहून वाईट प्रकार मी त्याच वर्षांत बाजारात पाहिला: नऊ चिप दिसणाऱ्या पट्ट्या, ज्यांतली नववी काही साठवतच नसे. अक्षर वाचलं जाताना ती त्या क्षणी एकी-बेकी मोजून बरोबर ते उत्तर पुढे करायची. आठांतलं काहीही पालटलेलं असो, हिची साक्ष कायम “सगळं ठीक”. काढलेल्या राखणदारापेक्षा हा फितूर मला जास्त टोचतो. तेव्हापासून पट्टी घेताना भिंगाखाली नवव्या चिपवरचा क्रमांक बाकीच्यांशी ताडून बघायची सवय लागली. तिथले काही गाळेवाले मला बघितलं की आपणहून भिंग पुढे करायचे.

पुढच्या वर्षांची दुखणी वेगळी होती आणि त्यातली बरीच स्मृतीची नव्हतीच. १६८ पिनांच्या पट्ट्या आल्या. २५६ एमबीची पट्टी बीएक्स बोर्डावर निम्मीच मोजली जायची, कारण तिच्यावरच्या आठ दाट चिप त्या बोर्डाला ओळखता येत नसत. तीच २५६ सोळा चिपांची घेतली की पुरी मोजली जायची. ‘विंडोज ९८’ मध्ये ५१२ एमबीच्या वर रॅम घातली, तर ते स्मृती अपुरी आहे म्हणून अडायचं. जास्त दिलं म्हणून कमी पडलं, हे गिऱ्हाइकाला समजावताना माझी दमछाक व्हायची. फाइलींसाठी राखून ठेवायची जागा एका ओळीनं मर्यादित केली की काम होई. एका निवृत्त शिक्षकांच्या घरी दोन पट्ट्या सुट्या-सुट्या छान चालत आणि एकत्र घातल्या की निळा पडदा. एक दोन ठोक्यांत उत्तर द्यायची, दुसरीला तीन लागायचे, आणि बोर्ड पहिल्या खाचेतलीला विचारून दोन्हींसाठी दोनच ठोके धरायचा. बोर्डाला तीन ठोके थांबायला सांगितलं. पाच मिनिटांचं काम, पण त्याआधी त्यांच्या घरी तीनदा फॉरमॅट मारून झालं होतं आणि नातवंडांचे फोटो गेले होते.

आणि खोडरबर. पावसाळा लागला की पट्टीच्या सोनेरी दातांवर आणि खाचेत ओल धरते, एक लांब बीप पुन्हापुन्हा वाजत राहतो आणि पडदा काळा. पट्टी काढायची, दात पेन्सिलीच्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसायचे, ब्रशनं खाच झाडायची, पट्टी दोन्ही बाजूंनी टक् आवाज येईतो बसवायची. हिंदुस्थानातला असा एक दुरुस्तीवाला नसेल ज्याच्या खिशात खोडरबर नाही. २००५ च्या आणि २०१९ च्या पुरात पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा दुकानाच्या गच्चीवर आम्ही पट्ट्या धुऊन सुपात वाळत घातल्या होत्या. बोर्ड गेले, डिस्का गेल्या. पट्ट्या बऱ्याच जगल्या.

निदानाचं हत्यार मात्र खरोखर चांगलं झालं. क्रिस ब्रेडी यांनी १९९४ मध्ये लिहिलेला मेमटेस्ट मला काही वर्षांनी एका फ्लॉपीवर मिळाला. रॅममध्ये शून्य-एकांचे नमुने लिहायचे, उलटे करायचे, परत वाचायचे, रात्रभर. माझी खोटी डिस्क जे अडखळत करत होती तेच, पण एकही घर न सोडता. तेव्हापासून माझ्या दुकानातून रॅम वाढवलेलं मशीन एक रात्र ही तपासणी केल्याशिवाय बाहेर जात नाही. लोक म्हणतात, इतकी गरज काय? २००९ मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गूगलच्या लोकांनी गूगलच्या सर्व्हरांचा अभ्यास छापला, त्यात वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांत चुका नोंदल्या गेल्या होत्या. त्यांच्याकडे मोजायला राखणदार होता म्हणून त्यांना कळलं. घरच्या संगणकाला ते कळायची सोयच नाही. तिथं गाणं मध्येच खरखरतं, फोटोत एक हिरवी रेघ येते, बेरीज चारानं वाढते, आणि माणसं म्हणतात विंडोज खराब झालं.

२०२० मध्ये मानक ठरलेल्या डीडीआर-५ मध्ये चिपच्या पोटातच चूक दुरुस्त करायची सोय आली, कारण हंडे आता इतके बारीक झालेत की त्याशिवाय भागेना. पण ती चिपच्या आतल्या आत निस्तरते, बाहेर सांगत नाही, आणि चिप ते बोर्ड या वाटेवर घरच्या मशीनला अजूनही कुणी नाही. मला हे अर्धंच मिळाल्यासारखं वाटतं. काय दुरुस्त केलं ते सेक्रेटरींसारखं वहीत मांडून दाखवलं असतं, तर कुठली पट्टी थकत चालली आहे ते आधीच दिसलं असतं.

गेल्या महिन्यात त्या सेक्रेटरींची नात दुकानात आली होती. इंजिनिअरिंगला आहे. घरच्या डेस्कटॉपला डीडीआर-५ च्या नव्या दोन पट्ट्या घातल्या आणि पडदा काळा. तिनं दोनदा बटण दाबून मशीन बंद केलं आणि घाबरून घेऊन आली. मी चालू केलं. पंखा फिरला, पडदा काळा. तिचा हात बटणाकडे गेला.

“थांब गं,” मी म्हणाले. “नव्या पट्ट्या घातल्या की बोर्ड आधी त्यांचे ठोके जुळवून बघतो. पहिल्या खेपेला वेळ लागतो.”

“किती?”

“मिनिटं लागतात. आपण चहा सांगू.”

चहा यायच्या आधी पडदा उजळला, ३२ जीबी मोजून. ती उठायला लागली, तेव्हा मी मेमटेस्टचा पेनड्राइव्ह लावला आणि उद्या सकाळी ये म्हणाले. कशासाठी, असं तिनं विचारलं नाही. आजोबांनी तिला फरकाचा रकाना दाखवलेला आहे. तिनं फक्त विचारलं, “झाकण लावून चालवणार ना, मावशी?” मी झाकण लावलं, स्क्रू घट्ट केले, आणि पंखा बंद करून दुकानाचं शटर ओढलं.